यवाची हाक

पाखर चढवायला हात कमी नव्हते. तोंडं मात्र जास्त झाली होती.

ठिणगी घोडी तंबूपुढे उभी होती. पाठीवर लोकरीचा ओला नमदा टाकलेला आणि त्यावर पितळी खवल्यांची पाखर, म्हणजे घोडीचं चिलखत, चढवायची. पाखरीचे पट्टे दोन्ही अंगांनी एकाच वेळी ओढावे लागतात. एका बाजूने आधी ओढलं की पाखर कलते आणि दौडीत घोडीचा खांदा सोलून काढते. म्हणून तर सीरियातल्या आमच्या लारिसात सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न हाच असतो, घरात पट्ट्याला दुसरा माणूस आहे ना? मेनोनच्या घरात त्या सकाळी दुसरा, तिसरा, चौथा, सगळे होते आणि जो तो आपल्याकडेच ओढत होता.

“अरे, तीन म्हटल्यावर!” फिलिना घोडीच्या पोटाखालून ओरडली. “एक, दोन... सोतास! मी तीन म्हटलं का?”

“मी कुठे ओढला? तुझ्या भावानेच ढिला सोडला,” तिचा नवरा म्हणाला. “आज नवरदेव आहेत ते. त्यांनी कशाला हात काळे करायचे!”

नवरदेव म्हणजे लिकोन, फिलिनाचा सावत्र भाऊ. तो कमरेपर्यंत लोखंडात होता. त्याला वाकता येत नव्हतं आणि चिडायलाही फुरसत नव्हती. तो नुसता हसला, आणि त्याच्या हसण्याने सोतास आणखी पेटला.

त्याचंही अगदीच चूक नव्हतं. सासरे मेनोन यांचा गुडघा वसंतात कायमचा गेला. राजाचा कायदा सरळ होता. ज्याच्या घरचा चिलखती स्वार लढाईला उभा राहील आणि सूर्य बुडताना पथकात हजर असेल, त्याचं वतन राहील. लारिसाची शेतं, पाण्याचा पाट, पागा, सगळं त्या एका खोगिरावर बसलेलं. स्वार हजर नसला तर संध्याकाळीच वतन दुसऱ्याला. म्हाताऱ्याने कालपर्यंत जावयाला ‘बघू, बघू’ म्हणत झुलवलं आणि आज पहाटे चिलखत उचलून लिकोनच्या अंगावर टाकलं.

“जावईबापू, तोंड पाडू नका,” मेनोन उलट्या बादलीवर बसून म्हणाला. “पाणी घेऊन मागोमाग जाणाराही लागतोच की.”

“हो ना, मामा. पखाली वाहायला जावई आणि मिरवायला मुलगा.”

“मिरवायला? त्या पत्र्यात बसून बघा एकदा. दुपारपर्यंत भाकरी भाजून निघेल.”

सगळे हसले. पार्मिस तेवढी हसली नाही. लिकोनची आई, मेनोनची दुसरी बायको. ती मिदियाची, जिथले घोडे राजे लोक एकमेकांना नजराणा देतात त्या माळाची. लग्नात तिच्यासोबत सात घोड्या आल्या आणि आज लारिसाच्या पथकातली निम्म्याहून अधिक जनावरं त्यांच्याच पोटची होती. ती तांब्याचं घंगाळ छातीशी धरून उभी होती. रोज संध्याकाळी तिने ते पळीने बडवलं आणि आपल्या भाषेत ‘यवाऽऽ’, म्हणजे जव, अशी हाक दिली की माळावरची सगळी घोडी जवाच्या चंदीला उधळत यायची. लढाईच्या दिवशी चंदी नाही. भरल्या पोटी पाखरीचा घोडा ऊर फुटून मरतो. म्हणून ठिणगी सकाळपासून घंगाळाकडे मान वळवून वळवून बघत होती.

“ते झाक गं मावशी,” फिलिना म्हणाली. “नुसतं बघूनच वेडी होतेय ती.”

 कालपासून फिलिना एक गोष्ट गिळून बसली होती आणि ती आता गळ्याशी आली.

काल ती ओढ्यावर गेली होती. पान देवाच्या गुहेतून निघणारा तो ओढा दोन्ही सैन्यांच्या मधून वाहतो. अलीकडे आपले मोतद्दार, पलीकडे इजिप्तच्या राजाचे. जनावरांना पाणी पाजताना कोणी कोणावर दगडसुद्धा टाकत नाही. पलीकडे एक करडी घोडी पाणी पीत होती. तिचा डावा कान अर्धा फाटलेला. आणि तिच्या मानेवर हात ठेवून उभा होता तो किनियस.

फिलिनाचा सख्खा भाऊ. घरातला थोरला. आठ वर्षांपूर्वी वडिलांनी पागेच्या किल्ल्या दुसऱ्या बायकोच्या हातात दिल्या, म्हणून तो घर सोडून इजिप्तच्या राजाकडे चाकरीला गेला. जाताना राख नावाची ती घोडी घेऊन गेला आणि तिचं दुधावरचं शिंगरू मागे टाकून गेला. ते शिंगरू पार्मिसने जवाचं पाणी पाजून हाताने वाढवलं. तीच ही ठिणगी.

“किनियस समोर आहे,” फिलिना म्हणाली.

कोणालाच आधी कळलं नाही.

“समोर म्हणजे?” लिकोनने विचारलं.

“समोर म्हणजे समोर! काल बघितला मी. राख होती बरोबर. त्यांच्या डाव्या बगलेला आहे, म्हणजे बरोबर तुमच्या नाकासमोर.”

मेनोन बादलीवरून उठला आणि गुडघा विसरल्याने पुन्हा बसला. “बोलला तुझ्याशी?”

“नाही. मीच बोलले नाही. काय बोलणार होते, बाबा? घरचे सगळे बरे आहेत, उद्या तुला मारायला येतायत?”

“बारीक झालाय का?” पार्मिसने विचारलं.

 पण तेवढ्यात सोतासचा चेहरा बदलला होता. सोतासचं डोकं घोडदळातल्या इतर जावयांपेक्षा एक पाऊल पुढे चालतं, हे त्याचे वैरीही मान्य करतात.

“थांबा, थांबा. त्याला यवा येतं,” तो म्हणाला.

आता मात्र सगळ्यांना एकदम कळलं. मेनोन तो शब्द कधी शिकला नाही. ग्रीसमधल्या थेसलीच्या घराण्याने परक्या भाषेत घोडी बोलवायची, हे त्याला कमीपणाचं वाटे. फिलिनाने म्हटला तर घोड्या ढिम्म हलत नसत. तो नीट म्हणता येणारे घरात तिघेच. एक पार्मिस, एक लिकोन, आणि पोरपणी तिच्या मागे मागे हिंडून तो शिकलेला किनियस.

“भर दौडीत तो नुसता यवा ओरडला तर?” सोतास म्हणाला. “निम्मं पथक जागच्या जागी उभं राहील! उपाशी घोडी आहेत ही. मागची पुढच्यांवर आदळतील. काय होईल, मामा, तुम्ही सांगा.”

“चुराडा होईल,” मेनोन म्हणाला.

“मग पथकप्रमुखांना सांगायला हवं. या पागेची घोडी बाजूला काढा म्हणावं. माझा घोडा तुमच्या पागेचा नाही. तो चालेल.”

“अगंबाई! काय योगायोग!” फिलिना म्हणाली. “तुझाच घोडा चालेल, मग तूच स्वार. आणि वतनही तुझंच.”

“तुझं नाही का ते? तुझ्यासाठीच तर...”

“माझ्यासाठी म्हणून माझ्या भावाला खोगिरावरून उतरवू नकोस. गेलास सांगायला, तर रात्री कुठे झोपायचं ते बघ.”

“तो म्हणणार नाही,” पार्मिस म्हणाली.



“कशावरून?” मेनोनने विचारलं.

“जाताना काय म्हणाला ते आठवतं ना? मी त्याची आई नाही. मी हाक मारली तरी तो येणार नाही, आणि माझा शब्द त्याच्या तोंडात पुन्हा यायचा नाही. मी म्हटलं, बरं, नाही मारणार हाक. मी पाळलं. तोही पाळेल.”

“त्याच्या हट्टावर तू अख्खं पथक सोडतेस?”

“अहो, तुमचाच हट्ट आहे तो,” पार्मिस म्हणाली. “त्याच्याइतकं पक्कं या छावणीत दुसरं काही नाही.”

कर्णे वाजले. मग वादाला वेळच उरला नाही. लोखंडातल्या माणसाला स्वतःहून चढता येत नाही. एकाने पाऊल धरायचं, दुसऱ्याने मांडीखाली खांदा द्यायचा. सोतास क्षणभर दूर उभा राहिला. मग शिवी हासडत पुढे आला आणि त्याने लिकोनला खालून असं उचललं की तो पलीकडेच पडायचा.

“बस नीट! वतन घेऊन पडशील.”

“दाजी, मी परत आलो तर—”

“आलास तर बोलू. जा!”

पार्मिसने त्याच्या तोंडावर मुखवटा बसवला आणि हनुवटीखाली गाठ मारली. मुखवटा लावण्याआधी ती काय पुटपुटली ते लिकोनने कोणाला कधी सांगितलं नाही.

*

मुखवट्याच्या आत स्वतःचा श्वास सोडून दुसरं काही ऐकू येत नाही. लिकोनला दोन भोकांतून दिसत होतं तेवढंच जग उरलं होतं. ठिणगीचे कान, भाल्याचं टोक आणि पुढचा पिवळा माळ.

आधी पावलांची चाल. गुडघ्याला गुडघा लागलेला. डावीकडचा शिंकला तर उजवीकडच्याला कळावं, इतकी रांग घट्ट. मग दुडकी चाल, आणि हजारो खवले एकदम वाजायला लागले. लिकोनला वाटलं होतं भीती वाटेल. पण त्याला चक्क गावंसं वाटत होतं! खालची जमीन हलत होती आणि ती आपणच हलवतोय, हे त्याला पहिल्यांदाच समजत होतं. समोर इजिप्तच्या घोडदळाची रांग उभी होती, उघड्या घोड्यांची, कापडी अंगरख्यांची. त्यांनी एवढं लोखंड एकत्र आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांच्या घोड्यांनी कान मागे टाकले.

“भाले!” कोणीतरी ओरडलं, किंवा सगळेच ओरडले.

लिकोनने लगाम सोडला, भाला दोन्ही हातांनी धरला, आणि ठिणगी चौखूर सुटली.

आणि तेव्हा त्याला तो फाटका कान दिसला.

राख. अगदी समोर नाही, दोन घोडे डावीकडे. वर किनियस. शिरस्त्राण उघडं, दाढी वाढलेली, बाबांचंच नाक. तो ठिणगीच्या पाखरीकडे बघत नव्हता. पाखरीच्या खाली दिसणाऱ्या तिच्या पांढऱ्या पायांकडे बघत होता. त्याने ओळखलं. लिकोनने त्याचं तोंड उघडताना पाहिलं.

आता म्हणणार.  आता म्हणणार, आणि ठिणगी थांबणार, आणि मागचं सगळं लोखंड माझ्यावर येणार.

किनियसने तोंड मिटलं.

मग धडक बसली. ती काय होती ते लिकोन म्हातारपणी सांगायला बसला तरी त्याला सांगता येत नसे; तो नुसता तळहातावर मूठ आपटायचा. भाला कशात तरी गेला आणि मोडला. समोर रांग होती, आणि मग रांग नव्हती. पाठी दिसत होत्या, पळणाऱ्या पाठी, आणि तो गळा फाडून ओरडत होता. “पळाले! आई, पळाले!”

राखही वळून पळत होती. आणि ठिणगी खिंकाळली.

घोडी आठ वर्षांनी आईला ओळखते की नाही, यावर लारिसात अजून भांडणं होतात. मी एवढंच सांगतो की ती खिंकाळली आणि राखेच्या मागे लागली. लिकोनने लगाम ओढला, गुडघे दाबले, नावाने शिव्या घातल्या. काही उपयोग झाला नाही. पार्मिसच्या माळावर ठिणगी पुढे आणि बाकी सगळी तिच्या मागे, ही रोजची रीत. ती गेली तशी त्या पागेची सगळी घोडी गेली आणि त्यांच्या नादाने उरलेलं पथक.

मागे कर्णा परतीची खूण वाजवत होता. लोखंडाच्या आत तो कोणाला ऐकू येणार?

*

“वळा,” मेनोन म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, “वळा!” मग काठी टाकून ओरडला, “वळा रे गाढवांनो!”

घरची माणसं बगलेच्या टेकाडावर होती, पखाली लादलेल्या गाढवांपाशी. तिथून सगळं दिसत होतं. चिलखती पथकाने शत्रूची बगल फोडली होती, त्या आनंदात टेकाडावरच्या बायका नाचत होत्या. मेनोन एकटा रडकुंडीला आला होता.

“राफियाच्या लढाईत आम्ही हेच केलं,” तो म्हणाला. “हेच! समोरचे पळाले, आम्ही हसत हसत मागे गेलो. परत आलो तेव्हा आपलं पायदळ कापून पडलेलं. बघ तिकडे!”

मधल्या मैदानात इजिप्तच्या पायदळाचे लांब भाले आपल्या पायदळाला पावलापावलाने मागे रेटत होते. त्या इजिप्तच्या पायदळाची पाठ उघडी पडली होती. त्या उघड्या पाठीवर घालायचं लोखंड मात्र धुरळ्यात लांब लांब चाललं होतं.

पार्मिसने घंगाळावरचं फडकं काढलं.

“जावईबापू, घोडा आणा.”

“कशाला?” सोतास म्हणाला. मग त्याने घंगाळ पाहिलं. “नाही! सासूबाई, नाही हं. तिथे लढाई चाललीय.”

“म्हणूनच तर. इथून ऐकू जायचं नाही.”

“अरे, उचल तिला!” फिलिना म्हणाली. “सकाळी पथकप्रमुखाकडे धावत निघाला होतास ना? आता धाव!”

पार्मिसचा पाय मात्र अडला. ती मेनोनकडे वळली. “अहो, राखही येईल. शब्द तोच आहे. किनियसला वाटेल, मी त्याला बोलावलं.”

“वाटू दे!” म्हातारा ओरडला. “वाटू दे त्याला एकदाचं! जा!”

*

सोतासने आयुष्यात बऱ्याच गोष्टींची भीती घेतली होती, पण सासूला पाठीमागे बसवून रणांगणात दौडावं लागेल ही त्यांत नव्हती. तिने एका हाताने त्याचा पट्टा धरला, घंगाळ त्याच्या पाठीवर टेकवलं आणि त्याच्या कानाशी म्हणाली, “सरळ.”

“सरळ हत्ती आहेत!”

“मग त्यांच्या डावीकडून सरळ.”

मेलेले घोडे, टाकलेल्या ढाली, पाणी मागणारी माणसं, सगळं खालून सरकत गेलं. एक बाण त्यांच्यावरून गेला. सोतास सगळ्या देवांची नावं घेत होता. ग्रीक संपले तेव्हा त्याने सासूच्या देवांना सुरुवात केली. शेवटी पुढे धुरळ्याची भिंत दिसली आणि तीत चमकणारे खवले.

“थांब,” पार्मिस म्हणाली.

तिने पळी काढली. ठण्. ठण् ठण् ठण्. आणि मग तिने हाक मारली.

“यवाऽऽऽ! यवाऽऽऽऽ!”

एवढीशी बाई! सोतासच्या कानाचे पडदे फाटायची वेळ आली. धुरळ्याच्या भिंतीला जणू कोणी कोपर मारलं. ती आधी थबकली, मग वाकली, आणि मग तिच्यातून ठिणगीचं पितळी डोकं बाहेर आलं. तिच्यामागे दुसरं, तिसरं, दहावं. स्वार लगाम ओढतायत, ओरडतायत, आणि घोडी जिभा काढून चंदीकडे येतायत!

“आल्या!” सोतास हर्षाने ओरडला. मग त्याला कळलं की त्या सगळ्या लोखंडासकट थेट त्याच्याच अंगावर येत होत्या. “सासूबाई, आल्या हो!”

“मग पळ! त्या पायदळाकडे पळ!”

तो पळाला. पुढे सोतास, मागे सासू घंगाळ बडवतेय, आणि त्यांच्यामागे सीरियाच्या राजाचं सगळ्यात महागडं घोडदळ, जवाच्या आशेने! पण सोतासच्या घोड्याच्या शेपटीलाच एक बिनचिलखती करडी घोडी येऊन चिकटली. तिला लोखंड नव्हतं, म्हणून ती सगळ्यांच्या पुढे होती. वर इजिप्तच्या झग्यातला एक माणूस लगाम हाताला गुंडाळून मागे रेलला होता.

“मी थांबवतोय!” तो ओरडत होता. “ही थांबत नाहीये!”

“मी तुला हाक मारलेली नाही,” पार्मिस मागे वळून ओरडली. “घोड्यांना मारली होती!”

“माहितेय मला!”

“ठीक आहे! मान खाली घाल, बाण येतायत!”

इजिप्तच्या पायदळाच्या पाठी आता इतक्या जवळ आल्या की सोतासला त्यांच्या मानेवरचा घाम दिसला. त्याने जिवाच्या आकांताने घोडा बाजूला काढला. हिसक्यात घंगाळ उडालं आणि खुरांखाली सपाट झालं. राख त्याच्यामागोमाग वळली. लोखंडी घोडी वळू शकली नाहीत. तेवढ्या वेगात लोखंड वळत नसतं. त्यांच्या स्वारांना मात्र आता समोर काय आहे ते दिसलं होतं. भाले खाली आले.

सोतासने डोळे मिटले. आवाज मिटता येत नाहीत.

*

ऊन उतरलं तेव्हा लढाई जिंकलेली होती आणि टेकाडावर कोणाला जेवण सुचत नव्हतं. पथकं जमत होती. ठिणगी मात्र आली नव्हती.

लारिसाचा पथकप्रमुख डोंगरकड्याकडे बघत उभा होता. सूर्य कड्याला टेकला की तो नावं पुकारणार. इतर घोडी एकेक, दोन दोन करून परतत होती. कोणाचा स्वार लंगडत, कोणाचा नाहीच.

पार्मिसने हाक मारायला तोंड उघडलं. नुसती हवा आली. तिचा घसा पार बसला होता. तिने पुन्हा प्रयत्न केला आणि खोकत खाली बसली.

“मी बघते,” फिलिना म्हणाली आणि तिने हाक मारली. शेजारच्या गाढवाने तेवढी मान वळवली.

सोतासच्या मागोमाग टेकाडावर आलेला किनियस राखेपाशी उभा होता. त्याला कोणी बांधलं नव्हतं, कोणी बसही म्हटलं नव्हतं. मेनोन त्याच्याकडे बघायचं टाळून मैदानाकडे बघत होता.

“तुला ठिणगी दिसली होती ना?” फिलिना भावाला म्हणाली. “धडकेच्या आधी. यवा म्हणायला तोंड उघडलं होतंस तू?”

“उघडलं होतं,” किनियस म्हणाला. “माझ्या शेजारी माझे सोबती होते, फिलिना. तो शब्द म्हटला असता तर ते आज जिवंत असते.” तो राखेच्या मानेवरून हात फिरवू लागला. “तरी नाही म्हणवला. तिच्या घोड्यांना तिच्याच शब्दाने मारायचं मला जमलं नाही.”

पार्मिस उठली. त्याच्यापुढे येऊन उभी राहिली आणि मैदानाकडे बोट दाखवलं. मग स्वतःच्या गळ्याला हात लावून मान हलवली.

त्याला समजलं.  सूर्य कड्याला टेकला. पथकप्रमुखाने पहिलं नाव पुकारलं.

“यवा,” किनियस म्हणाला.

ते कोणाला ऐकूही गेलं नाही. पार्मिसने त्याच्या दंडावर चापट मारली. “शेवट लांब ओढ,” ती कशीबशी कुजबुजली. “शिकवलं होतं ना?”

मग त्याने छाती भरून घेतली. “यवाऽऽऽऽ!”

हाक कड्यावर आपटून परत आली. राखेने कान टवकारले आणि तीही खिंकाळली. दुसरं नाव झालं, तिसरं झालं. किनियस आता थांबायला तयार नव्हता, गालावरून पाणी वाहत होतं आणि तो ओरडतच होता, “यवाऽऽऽऽ! यवाऽऽऽऽ!” आणि खाली, हत्तींच्या पलीकडे, कोणीतरी उत्तरादाखल खिंकाळलं.

ठिणगी लंगडत नव्हती. लगाम तुटला होता, पाखर एका अंगाने लोंबत होती, आणि तिच्या मानेला मिठी मारून लिकोन पोत्यासारखा पडला होता. पथकप्रमुखाने त्याचं नाव पुकारलं तेव्हा ती रांगेच्या तोंडाशी होती.

पोतं हललं. “हजर,” मुखवट्याच्या आतून आवाज आला.

फिलिना किंचाळत धावली. सोतास तिच्या आधी पोचला. त्याने मुखवट्याची गाठ कापली, तेव्हा लिकोनने रक्ताने माखलेलं तोंड वर केलं आणि विचारलं, “आईचा आवाज असा रेड्यासारखा कधीपासून झाला?”

मग त्याला किनियस दिसला. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. मेनोनने बोलायला तोंड उघडलं.

“आधी घोडी,” पार्मिस कुजबुजली.

खरंच होतं ते. कललेली पाखर ठिणगीचा खांदा सोलत होती. सोतासने एका बाजूचा पट्टा धरला, पलीकडे बघितलं, तर पलीकडे कोणी नव्हतं. त्याने किनियसला मानेने खूण केली. इजिप्तच्या झग्यातल्या माणसाने दुसऱ्या बाजूचा पट्टा हातात घेतला.

पथकप्रमुख नावं संपवून जवळ आला. त्याची नजर झग्यावर थांबली. “लिकोन हजर, वतन कायम,” तो म्हणाला. “आणि हा कोण?”

मेनोनने काठी रोवली आणि उभा राहिला. गुडघ्याची कळ त्याच्या डोळ्यांत आली होती, निदान त्याने तसंच सांगितलं असतं.

“पट्ट्याला दुसरा माणूस,” तो म्हणाला. “आमच्या घरचाच आहे.”